साहेबाचा कौल

इंग्रज देश सोडून गेले त्याला चांगली दहा-बारा वर्षं होऊन गेली होती, तरी पौडला आमच्या ओसरीवर एक साहेब मुक्कामालाच होता. लाल कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक होतं ते. एका फार मोठ्या इंग्रज नाटककाराची निवडक वचनं त्यात विषयवार लावलेली होती. प्रेम, राग, मैत्री, झोप, राजे, म्हातारपण, सगळं. माणूस नाटकंही लिहायचा आणि कविताही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कुणी घेतच नसे. माझे वडील, म्हणजे दादा, त्याला ‘आमचे नाटककार’ म्हणायचे आणि बाकी सगळं पौड नुसतं ‘साहेब’.

दादा पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. पुण्यात शिकत असताना त्यांना ते पुस्तक बक्षीस मिळालं होतं. ते त्यांनी नुसतं जपलं नाही, पाठच करून टाकलं. घरात काहीही घडो, दादांकडे त्यावर वचन तयार. दूध उतू गेलं, वचन. पुण्याची एसटी चुकली, वचन. शेजारच्यांचा बोकड आमच्या अळूत शिरला, तर त्या बोकडालासुद्धा वचन! आधी इंग्रजीत, छाती पुढे काढून, आवाज घुमवून. मग मराठीत, अर्थ समजावून. तोवर बोकड अर्धं अळू खाऊन मोकळा. आतून आत्या ओरडायची, “झालं का तुजं? मंग त्याला हाकल आता!”

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. माझी आई मी अगदी लहान असताना गेली, त्यामुळे मला वाढवलं ते आत्याने. तिला अक्षरओळख नव्हती, पण तोंड असं तिखट की तहसील कचेरीतला शिपाईसुद्धा तिला बघून वाट बदलायचा. साहेबाशी मात्र तिचं बरं होतं. एका दसऱ्याला पाटीपूजनात तिने पुस्तकांबरोबर त्यालाही पाटावर बसवला आणि पहिल्या पानावरच्या त्याच्या चित्राला कुंकू वाहिलं. चित्रात साहेबाचं कपाळ पार टाळूपर्यंत गेलेलं, त्यामुळे जागा भरपूर. दादा येऊन बघतात तर त्यांच्या नाटककाराच्या टकलावर हा एवढा लालभडक टिळा! त्यांनी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाली, “सगळ्या पोथ्यांना वाहिलं, मंग ह्यानंच काय घोडं मारलंय?” तो डाग पुढे कधी गेला नाही.

आमच्याकडे पावसाळा म्हणजे घरात भिंतींनासुद्धा बुरशी. पाऊस सरला की आत्या गोधड्या, डाळी, मिरच्या आणि साहेब यांना एकदमच उन्हात काढायची. साहेबाला सुपात ठेवायचं आणि दमट होऊन चिकटलेली पानं बोटाने एकेक करून सोडवायची. हे काम ती दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. पुस्तकाच्या मधोमध एक जाड, गुळगुळीत पान होतं. त्याची पुढची बाजू कोरी आणि मागच्या बाजूला साहेबाच्या काळातल्या नाटकगृहाचं चित्र. गोल इमारत, वर छप्पर नाही, आत माणसांची दाटी. ते पान आलं की आत्या हातातलं काम थांबवून त्या चित्राकडे बघत बसायची. “जत्रंतल्या तमाशावानीच हाय की गं,” असं ती मला दरवर्षी सांगायची.

आता कौलाचं सांगते. आमच्या भागात काम अडलं की ग्रामदैवताला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि माणूस आपला सवाल मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधीकधी दोन्ही पाकळ्या चिकटूनच बसतात. बराच वेळ वाट बघून गुरव म्हणतो, देव बोलत नाही, आता ज्याचा सवाल त्यानं आपल्या तोंडानं सांगावं.

आमचं घर तहसील कचेरीच्या वाटेवर. डोंगरातल्या वाड्यांवरून कागदपत्रांच्या कामाला आलेली माणसं, कचेरीतला माणूस जेवून येईपर्यंत, आमच्याच ओसरीवर टेकायची. एकदा अशीच एक बाई आली. हिरडा, करवंदं विकणारी, वरच्या वाडीतली. तिला भूगावला एक म्हैस घ्यायची होती. तिने देवाला कौल लावला होता, पण पाकळ्या काही हलल्या नाहीत. दादा शेजारीच पुस्तक घेऊन बसलेले. तिने विचारलं, “गुर्जी, तुमची ही पोथी बोलती का?”

दादांना त्या दिवशी काय लहर आली कोण जाणे. म्हणाले, “बोलते की! डोळे मिट आणि घाल बोट.”

तिने मिटलेल्या पुस्तकाच्या पानांत बोट खुपसलं. दादांनी तिथे पुस्तक उघडलं आणि जे वाक्य आलं ते खणखणीत इंग्रजीत म्हटलं. बाईने हात जोडले. मला दादांनी लहानपणापासून इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे मला कळलं की ते वाक्य कुठल्याशा रुसलेल्या राजाबद्दल होतं आणि त्यात म्हशीचा काडीचाही संबंध नव्हता. दादा मात्र गंभीरपणे म्हणाले, “साहेब म्हणतो, तिच्या शिंगांकडं बघू नको, रंगाकडं बघू नको. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा स्वतः धार काढून बघ. मग बोल.”

ती भूगावला गेली आणि तिने तसाच हट्ट धरला. सकाळी म्हैस गरीब गाय होऊन उभी राहिली आणि संध्याकाळी तिने अशी लाथ झाडली की चरवी उकिरड्यावर! बाईने ती म्हैस सोडून दुसरी घेतली. पुढच्या आठवडे बाजारात सगळीकडे एकच बोलणं, पौडला गुरुजींच्या घरी साहेबाचा कौल मिळतो, आणि साहेबाला म्हशीतलंसुद्धा कळतं.

झालं! माणसं यायला लागली. भुकूमहून, भूगावहून, डोंगरातून. नियम लोकांनीच घालून घेतले, आम्हाला कुणी विचारलंही नाही. पाय धुऊन बसायचं. कौल फक्त उजव्या पानाचा धरायचा, डाव्या पानाकडे बघायचंही नाही. साहेब मटण खाणारा, म्हणून एकादशीला त्याला त्रास द्यायचा नाही. एका भल्या माणसाने तर पुस्तकापुढे अंडं आणून ठेवलं, साहेबाला पेढा काय कळणार म्हणून. बाजारपेठेतले कापडवाले चाचा स्वतः नमाजी माणूस, कौलबिल न मानणारे. तेही एकदा हळूच येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, नुसतं सल्ला म्हणून विचारतो. नायलॉनच्या साड्या भराव्यात का?” साहेबाने त्यांना थोड्याच भरायला सांगितल्या.

मी मुळातच भांडखोर. एके दिवशी दादांना धरलंच. म्हटलं, “दादा, तुम्ही लोकांना धडधडीत खोटं सांगता. काल ते वाक्य झोपेबद्दल होतं आणि तुम्ही त्याला भाताचं बी विकत घ्यायला लावलंत.”

“मी खोटं सांगत नाही,” दादा म्हणाले. “मी भाषांतर करतो.”

“डोंबलाचं भाषांतर!”

ते हसले. मग मला त्यांनी नीट समजावून सांगितलं. कौलाला आलेल्या माणसाला ते आधी चहा द्यायचे. चहा पिता पिता माणूस बोलायचा. बोलता बोलता त्याचं मन कुठे झुकतंय ते कळायचं. “बहुतेकांचं ठरलेलं असतं गं,” दादा म्हणाले. “कुणीतरी पाठीवर हात ठेवून ‘जा’ म्हणावं एवढंच हवं असतं. माझा हात त्यांना पुरत नाही, म्हणून साहेबाचा देतो.”

ते मला पटलं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

पण खरी गंमत वेगळीच होती. साहेबाच्या तोंडून दादा जे बोलायचे, ते स्वतःच्या तोंडून त्यांना जन्मात बोलता आलं नसतं. मुलगीच झाली म्हणून बायकोला माहेरी धाडणारा एक माणूस कौलाला आला होता. त्याला दादांनी आधी इंग्रजीत आणि मग मराठीत असा झाडला की ओसरीवरची माणसं उठून उभी राहिली! तो दुसऱ्याच दिवशी एसटीने बायको-मुलीला घेऊन आला. आणि हेच दादा दूधवाल्याला ‘पाणी कमी घाला’ एवढंसुद्धा सांगू शकायचे नाहीत. त्याच्याशी आत्याच भांडायची. दादा आत बसून त्यावरचं वचन आठवायचे.

आणि तात्यांपुढे तर त्यांची पाचावर धारण बसायची. तात्या हे दादांचे सगळ्यात थोरले भाऊ. इंग्रजांच्या राज्यात आमची मूळची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, तेव्हा तात्या ऐन तारुण्यात होते. पौडच्या खालच्या अंगाला त्यांनी पुन्हा नव्याने भातखाचरं उभी केली आणि त्याच भातावर दादांना पुण्याला शिकवलं. त्यामुळे तात्या बोलले की दादा ‘बरं तात्या’ म्हणायचे. तात्यांनी उन्हाला सावली म्हटलं असतं तरी दादा ‘बरं तात्या’ म्हणाले असते.

साहेब म्हटलं की तात्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि त्यात नवल नव्हतं. पण पुढे त्यांना विहीर खणायची होती आणि जागा ठरेना. तेव्हा तेही एकदा कुरकुरत येऊन पाय धुऊन बसले. दादांनी त्यांच्याशी शेताबद्दल बोलून बोलून घेतलं आणि साहेबाच्या नावावर सांगितलं, की जुन्या उंबरापाशी खणा. पाणी लागलं. त्या दिवसापासून तात्यांचा साहेबावर जो विश्वास बसला तो बसलाच. “ह्यो सायेब येगळा हाय,” ते म्हणायचे.

अशी सगळी मजा चालली होती, आणि मी मॅट्रिक झाले.

मला पुढे शिकायचं होतं. पुण्याला कॉलेजात जाऊन इंग्रजीच शिकायचं होतं. साहेबाची तुकड्या-तुकड्यांची वचनं ऐकून माझं पोट भरत नव्हतं. ही वाक्यं नाटकात कोण कुणाला बोलतं, का बोलतं, त्या रुसलेल्या राजाचं पुढे झालं काय, हे मला पहिल्या ओळीपासून वाचायचं होतं. दादांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “जा. नक्की जा.” मला वाटलं, झालं काम.

कसलं काय! निकालाचे पेढे खायला तात्या आले आणि पेढा तोंडात असतानाच म्हणाले, “भुकूमचं ठिकाण आलंय. लई चांगली मानसं हायेत. येत्या रविवारी सुपारी फोडू, तुळशीच्या लग्नानंतर बार उडवू.”

मी दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, “बरं तात्या.”

मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. त्याचं गावात चांगलं नावही होतं. पण माझं अंग नुसतं पेटलं. चार दिवसांपूर्वी ‘नक्की जा’ म्हणणारा बाप आज ‘बरं तात्या’ म्हणून मोकळा! आत्याकडे बघावं तर ती चुलीशी, आमच्याकडे पाठ करून बसलेली. तीही चार दिवस ‘पुन्यात येकली पोर ऱ्हानार कुटं, खानार काय’ असंच काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, तीही त्यांच्याच बाजूची. थोरल्या माणसांसमोर मुलींनी बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, पण तोंडाने ऐकलं तर ना! मी ओरडले, “गावातल्या म्हशींचासुद्धा कौल लावता तुम्ही! माझ्या बाबतीत नाही का साहेबाला विचारावंसं वाटलं?”

मला वाटलं, आता तात्यांचा हात उठणार. पण ते पेढा गिळून शांतपणे म्हणाले, “खरं बोलली पोर. इचारा की सायबाला.”

मला आतून असा आनंद झाला म्हणून सांगू! दादा पुस्तक उघडतील, काहीतरी इंग्रजीत गरजतील आणि भाषांतरात मला थेट पुण्याला नेऊन पोहोचवतील. माझ्या मनात मी बॅगसुद्धा भरली. तेवढ्यात तात्यांनी बोट वर केलं.

“पर येक हाय. ही तुजी लेक. तुजी माया तिच्याकडं वडनार. तवा नाथाची आन घे. सायेब जे बोलंल ते, हाय तसं सांगायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई.”

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. आणि नाथाची, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, शपथ घेतली. दादा भाषांतरात वाट्टेल ते करतील, पण शपथ मोडणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. भरलेली बॅग मनातल्या मनात पुन्हा रिकामी झाली. माझं अख्खं शिक्षण आता त्या पुस्तकातल्या एका आंधळ्या बोटावर येऊन बसलं होतं. आणि त्यात राग, मत्सर, विरह, मरण असली शंभर पानं तरी होती! आली चुकून ‘बापाची आज्ञा’ पाळायला सांगणारी एखादी ओळ, तर रविवारी सुपारी.

“बोट कुनाचं?” तात्यांनी विचारलं.

“माजं,” चुलीपाशी बसलेली आत्या उठत म्हणाली. “मी वाडीवलीया तिला.”

तिने पाय धुतले, पदराला हात पुसले आणि पाटावर बसली. दादांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं. आत्याने डोळे घट्ट मिटले आणि बोट पानांच्या कडेवर ठेवलं. पण आत घालेचना. वरून खाली, खालून वर, बोट नुसतं कडेवरून फिरवत राहिली. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हिचं आपलं चाललंय! शेवटी तात्या वैतागले, “आगं, कौल लावतीस का मिरच्या निवडतीस?”

“गप बसा हो तात्या,” ती डोळे न उघडता म्हणाली, आणि बोट आत घातलं.

दादांनी पुस्तक उघडलं. आवाज लावायला छाती पुढे काढली. आणि तसेच थांबले.

“काय म्हनतो?” तात्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. मी पुढे वाकून बघितलं. डावीकडे छापील ओळी होत्या, पण डाव्या पानाचा कौल नसतो. आणि उजवं पान पांढरं स्वच्छ. एक अक्षर नाही.

तात्यांनी पुस्तक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कळायला वाचता कशाला यायला हवं? “कोरं हाय की रं,” ते म्हणाले. “मंग आता?”

“आता काय,” आत्या पदर सारखा करत म्हणाली. “देव बोलना म्हंजी गुरव काय सांगतो? ज्याचा सवाल त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. पोर कुनाची? ह्याची. मंग ह्यानं बोलायचं.”

सगळ्यांच्या नजरा दादांवर. मी त्यांना तसं कधीच बघितलं नव्हतं. हातात पुस्तक नाही, ते तात्यांकडे. ओठ हलत होते. मला वाटलं, आता एखादं वचन येणार आणि त्याच्या आडोशाला हा माणूस पुन्हा लपणार. किंवा ‘बरं तात्या’. मी मुठी आवळल्या.

“तात्या,” दादा म्हणाले. आवाज घोगरा, अजिबात घुमणारा नाही. “माझी मुलगी कॉलेजात जाईल. लग्नाचं नंतर बघू.”

बस्स. एवढंच. मी त्यांच्या तोंडून केवढाली इंग्रजी वाक्यं ऐकली होती, पण तसलं वाक्य नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

तात्यांनी पुस्तक मिटून पाटावर ठेवलं. मग दादांकडे बघून म्हणाले, “आरं, मंग ह्ये आदीच बोलायचं व्हतंस की मर्दा! मी काय तुजा वैरी हाय? पेढं खाल्लं तवाधरनं वाट बघतुया, ह्यो बाप कायतरी बोलंल. तर ह्यो ‘बरं तात्या’! मला वाटलं, तुजी बी हीच इच्छा.”

दादांनी वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. तात्यांनी त्यांची पाठ थोपटली आणि स्वतःच हसायला लागले. “आता भुकूमवाल्यांना काय सांगू? आमचा सायेब मुका झाला म्हून सांगू व्हय?” मग आत्या हसली, मी रडता रडता हसले, आणि दादा तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्याने चहा टाकला आणि उरलेले सगळे पेढे तात्यांच्या पुढ्यात ठेवले.

जून संपायच्या आत मी पुण्याला निघाले. एसटी स्टँडवर दादा तिकिटाच्या रांगेत उभे होते आणि आत्या माझ्या ट्रंकेवर बसली होती. ट्रंकेत तिने आंबेमोहोर तांदळाची पुरचुंडी आणि मेतकुटाचा डबा असा कोंबला होता की झाकणाला सुतळी बांधावी लागली होती. मी तिला म्हटलं, “आत्या, नशीब बघ माझं. एवढ्या जाड पुस्तकात एकच कोरं पान, आणि तुझं बोट नेमकं तिथंच पडलं.”

ती फसकन हसली. “पडलं न्हाई. पाडलं. दरसाल उन्हात घालतीया त्याला, मला त्याचं पान न् पान ठावं हाय. त्ये तमाशाच्या चित्राचं जाड पान बोटाला लागतं.”

“अगं, पण मग एखादं चांगलं वाक्य...”

“मला काय वाचता येतंय व्हय, चांगलं अन् वाईट बघायला?” मग ती दादांकडे बघत राहिली. ते रांगेत मागच्या माणसाला पुढे जाऊ देत होते. “आन् वाचता आलं असतं तरी त्येच पान धरलं असतं. लई वरसं सायबाच्या आडून बोलला ह्यो. लोकांच्या पोरींसाठी बोलला, म्हशींसाठी बोलला. सोताच्या पोरीसाठी तरी सोताच्या तोंडानं बोलंल म्हनलं.”

“आणि बोलले नसते तर?”

“तर मी हुते की,” आत्या म्हणाली. “माजं तोंड काय कोरं हाय?”

मी तिच्या गळ्यात पडले. ती ‘आगं, लोकं बघत्यात’ म्हणाली, पण सोडवून घेतलं नाही.

गाडी लागली. कंडक्टरने ट्रंक टपावर चढवली. मी खिडकीशी बसले आणि दादा खाली येऊन उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली. मी ओळखलं, आता निरोपाचं वचन येणार, तेही अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं. मी मान खाली घालून तयार झाले. पण काहीच आलं नाही. वर बघितलं तर दादा तोंड उघडं ठेवून तसेच उभे. मग त्यांनी ते मिटलं आणि खिडकीच्या गजावरच्या माझ्या बोटांवर हात ठेवला.

“मला तुझी फार आठवण येईल गं,” ते म्हणाले.

गाडी हलली. दादा थोडं अंतर गाडीबरोबर चालत आले आणि मागून आत्या ओरडत होती, “आरं सोड आता तिला, चाकाखाली येशील!”